विळा, यंत्र आणि धार



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा असते. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती कोणत्याही तहनाम्यात सापडावयाची नाही. गवत आणि उभे पीक कापणारी, ट्रॅक्टरला जोडावयाची ती एक लोखंडी पट्टी आहे; आणि तीही नवी नव्हे, दुसऱ्याने वापरून विकावयास काढलेली. ती घेताना काय पाहावे आणि घेतल्यावर कशी राखावी, हा वरवर पाहता शेतकऱ्याच्या अंगणातला प्रश्न. तथापि त्याच्या पाठीमागे तीन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याच्या उत्तरावर काही माणसांची मजुरी अवलंबून आहे. म्हणून शहरात राहणाऱ्या आपण मंडळींनीही तो ऐकावा, अशी माझी विनंती आहे.

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचे गाव आहे. काळी जमीन, येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांच्या पूर्णा प्रकल्पाने पाणी दिलेला हा मुलूख. पूर्वी येथे ज्वारी आणि कापूस. पाणी आल्यावर ऊस वाढला, हळद वाढली, आणि गेल्या तीन दशकांत सोयाबीन सर्वत्र पसरले. वसमतची हळद आज नावाजलेली आहे. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मराठीत धार लावण्याच्या कठीण दगडाला आपण कुरुंद म्हणतो. गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा माझा हेतू नाही. पण धारेविषयी बोलावयाचे आणि गाव कुरुंदा निघावे, हा योग मला सोडवत नाही.

आपण अशी कल्पना करू की, या गावातल्या एका शेतकऱ्यापाशी वाडवडिलांच्या वेळचा एक ट्रॅक्टर आहे. लाल रंगाचा, पस्तीस अश्वशक्तीचा, बी-२७५ या नावाचा. इंजिन अजून ठणठणीत आहे. दारात चार-सहा लाल कंधारी जनावरे आहेत. त्यांच्यासाठी धुऱ्यावरचे मारवेल-पवन्याचे गवत कापावयाचे, थोडा लसूणघास कापावयाचा, जमल्यास पीकही कापावयाचे. माणसे वेळेवर मिळत नाहीत. अशात त्याला कळते की, अमक्या गावी कातरपट्टीचे एक जुने यंत्र विकावयाचे आहे. त्याने ते घ्यावे काय? याचे उत्तर देण्यापूर्वी ही पट्टी कोठून आली, ते पाहू.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्या लोकांजवळ तांबे थोडे होते. म्हणून ते गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान लहान धारदार पाती काढीत, आणि अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवून कापण्याचे हत्यार तयार करीत. एक पाते तुटले तर तेवढेच बदलावयाचे. सगळे हत्यार फेकावयाचे नाही. श्रोत्यांनी ही ओळीने बसविलेली पाती लक्षात ठेवावीत. पुढे ती पुन्हा भेटणार आहेत.

मग लोखंड आले आणि विळा आला. विळ्याबरोबर लोहार आला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात जी बलुतेदारांची व्यवस्था वर्णिली आहे, तीत लोहाराचे स्थान आपणा सर्वांस ठाऊक आहे. कुणब्याचा विळा, खुरपे, फाळ यांना पाणी देणे, धार लावणे हे त्याचे काम. आणि सुगीच्या वेळी खळ्यावर त्याला धान्याचा वाटा. या व्यवस्थेतला अन्याय, त्यातली जातीची उतरंड, यांचे समर्थन मी करणार नाही. मात्र एक गोष्ट ती व्यवस्था पक्की जाणून होती: हत्यार एकदा घेतले की संपले, असे नसते. ते राखणाऱ्या हाताची सोय वर्षभर करून ठेवावी लागते, आणि त्या हाताला पिकात वाटा द्यावा लागतो.

आता आपल्याला काही काळ समुद्रापलीकडे जावे लागेल, कारण विळ्याचे यंत्र तिकडे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अनेकांनी कापणीच्या यंत्राचे प्रयत्न केले. स्कॉटलंडात धर्मोपदेशकाचे शिक्षण घेणाऱ्या पॅट्रिक बेल या तरुणाने १८२८ साली एक यंत्र शेतात चालवून दाखविले. त्याने त्याचे पेटंट घेतले नाही. अमेरिकेत ओबेड हसी याने १८३३ साली पेटंट घेतले. व्हर्जिनियातल्या सायरस मॅकॉर्मिकने १८३१ साली आपले यंत्र शेतात चालविले आणि १८३४ साली त्याचे पेटंट मिळविले. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात या यंत्राला मोठे पदक मिळाले, आणि मॅकॉर्मिक हे नाव जगभर झाले.

या यंत्राची युक्ती सोपी आहे. आपण कात्रीने कापड कापतो तेव्हा एक पाते दुसऱ्यावरून सरकते. येथे जमिनीलगत एक आडवी पट्टी असते आणि तिला पुढे काढलेली लोखंडी बोटे असतात. गवताच्या काड्या या बोटांच्या मधल्या जागेत शिरतात. बोटांच्या खाचेतून दुसरी एक पट्टी डावी-उजवी अशी झपाट्याने सरकते. तिच्यावर त्रिकोणी पाती रिव्हेट मारून ओळीने बसविलेली असतात. बोट काडी धरून ठेवते, पाते ती कापते. विळ्याने कापणारी बाई डाव्या हाताने मूठ धरते आणि उजव्या हाताने विळा ओढते. यंत्राचे बोट म्हणजे तिचा डावा हात आणि पाते म्हणजे उजवा. आणि ती ओळीने बसविलेली पाती पाहा. इनामगावच्या शेतकऱ्याचीच ही रीत, लोखंडात आलेली. एक पाते तुटले तर तेवढेच बदला.

मॅकॉर्मिकच्या कारखान्याचे यश केवळ पेटंटाचे नव्हते. थोडी रक्कम आगाऊ घेऊन बाकी पीक विकल्यावर घ्यावी, यंत्राची लेखी हमी द्यावी, सुटे भाग तयार ठेवावेत, दुरुस्तीला माणूस पाठवावा, या गोष्टींनी त्याचे यंत्र शेतकऱ्याच्या घरी टिकले. आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे. मॅकॉर्मिकच्या शेतावरील लोहारकामाच्या शाळेत ते पहिले यंत्र घडविताना जो अँडरसन हा कृष्णवर्णीय माणूस राबला. तो त्या कुटुंबाच्या मालकीचा गुलाम होता. पेटंटावर त्याचे नाव असणे त्या काळी शक्यच नव्हते. आपल्याकडील लोहाराचे नावही कोणत्या विळ्यावर कोरलेले नसते. यंत्रांच्या इतिहासात घडविणाऱ्या आणि राखणाऱ्या हातांची नावे अशी गळून पडतात.

या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. १८३० साली इंग्लंडच्या दक्षिण भागात शेतमजुरांनी मळणीची यंत्रे फोडली. हिवाळाभर मळणीवर पोट भरणाऱ्या माणसांचे काम त्या यंत्रांनी नेले होते. त्यांना अडाणी म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु त्यांची तक्रार लोखंडाविरुद्ध नव्हती. हिवाळ्यात चूल कशी पेटावी, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आपण कुरुंद्यात परत गेल्यावर पुन्हा विचारू.

महाराष्ट्रात शेतीच्या यंत्राची पहिली मोठी कथा लक्ष्मणराव किर्लोस्करांची. बेळगावला त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे नांगराला आरंभी गिऱ्हाईक मिळेना. पुढे औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर गावोगाव गेला. शेतकरी नव्या वस्तूला भितो, असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. मला वाटते, त्याची भीती बहुतेक वेळा रास्त असते: हे मोडले तर नीट करणारा कोण? ज्या दिवशी त्या प्रश्नाला उत्तर मिळते, त्या दिवशी भीती जाते.

ट्रॅक्टराच्या बाबतीत तर आपल्या देशाने सुरुवातच जुन्या मालापासून केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने येथे मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना कामाला लागली. मध्य भारतातील लाखो एकर जमीन कांस गवताने व्यापली होती; ती खोल नांगरून मोकळी करावयाची होती. १९४९ साली जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेही याच कामासाठी. म्हणजे नव्या भारताच्या यांत्रिक शेतीचा आरंभ वापरलेल्या यंत्रांनी झाला. आपला शेतकरी जुने यंत्र पाहावयास निघाला, तर त्यात कमीपणा काही नाही.

आता तो लाल ट्रॅक्टर. मॅकॉर्मिकची कंपनी १९०२ साली इतर कंपन्यांशी एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथे तयार होई. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली, आणि कांदिवलीच्या कारखान्यातून १९६५ पासून हा ट्रॅक्टर निघू लागला. व्हर्जिनियातल्या लोहारशाळेपासून निघालेला धागा असा कांदिवलीमार्गे मराठवाड्यात पोहोचला. पुढे १९८०च्या दशकात मूळ अमेरिकन कंपनीने आपला शेतीयंत्रांचा व्यवसाय विकून टाकला. कंपन्या जातात, यंत्रे राहतात. पिंजोरच्या एच.एम.टी. ट्रॅक्टरांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, तरी ते ट्रॅक्टर आजही शेतात दिसतात. ते कोणी चालू ठेवले? तालुक्याच्या गावातल्या फिटरने, वेल्डरने आणि लेथवाल्याने.

आता आपल्या शेतकऱ्याबरोबर यंत्र पाहावयास जाऊ. रंगाकडे त्याने पाहू नये. रंग कालही दिलेला असू शकतो. ट्रॅक्टर बंद ठेवून प्रथम पट्टीच्या टोकाला डोळा लावून पाहावे. आडवी पट्टी सरळ आहे की वाकलेली? बोटे एका ओळीत आहेत की एखादे दगडावर आपटून वर-खाली झाले आहे? वाकलेले एक बोट ठोकून सरळ करता येते. पट्टीच वाकली असेल तर सौदा तेथेच थांबवावा. मग पात्यांची पट्टी जाड कापडाने धरून सावकाश सरकवून पाहावी. ती अडकता कामा नये आणि खडखडताही कामा नये. पाते बोटाच्या आतल्या लोखंडी पट्टीवर टेकून सरकले तर ते कापते. मध्ये फट राहिली तर काडी वाकून फटीत शिरते आणि गवत चावल्यासारखे तुटते. ढिल्या कात्रीचे जसे होते, तसेच.

दुसरी पाहणी मेळाची. पाती दोन्ही बाजूंच्या टोकाला पोहोचतात तेव्हा प्रत्येक पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर आला पाहिजे. तो चुकत असेल तर प्रत्येक खेपेला कापणी अर्धवट होते आणि ट्रॅक्टरवर विनाकारण भार येतो. तिसरी गोष्ट तिरकसपणाची. पट्टीचे बाहेरचे टोक उभे असताना किंचित पुढे असावे लागते. सहा फुटांच्या पट्टीला सुमारे दीड इंच. चालताना गवताच्या रेट्याने ते मागे येते आणि पट्टी सरळ होते. जुन्या यंत्राचे सांधे झिजले की हे टोक आधीच मागे गेलेले असते, आणि विकणारा ते सांगत नाही.

चौथी गोष्ट लाकडी दांड्याची. फिरत्या चाकाची गती पात्यांच्या पट्टीला देणारा जो दांडा, त्याला पिटमन म्हणतात. अनेक जुन्या यंत्रांत तो लाकडाचा असतो. आपल्याकडे एखादा उत्साही मिस्त्री लाकडाऐवजी लोखंडी नळी वेल्डिंग करून देतो आणि काम मजबूत झाले असे समजतो. वस्तुतः तेथे लाकूड मुद्दाम घातलेले असते. पात्यांत दगड अडकला तर दांडा मोडावा आणि बाकीचे यंत्र वाचावे, अशी ती योजना आहे. स्वस्त वस्तू मोडून महाग वस्तू वाचविणे, हा जुन्या कारागिरांचा शहाणपणा. आपल्या गावच्या सुताराला बाभळीचा सरळ धाग्याचा दांडा घडविता येईल काय, हे विचारून मगच पैसे द्यावेत.

पाचवी गोष्ट ट्रॅक्टरच्या मागल्या फिरत्या दांड्याची. त्याला शेतकरी पीटीओ म्हणतात. त्याचे मिनिटाला ५४० फेरे हे प्रमाण १९२०च्या दशकात अमेरिकेत ठरले आणि पुढे जगभर मान्य झाले. यंत्र त्याच प्रमाणाचे आहे ना, हे पाहावे. काही जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. दाट गवतात अडकल्यावर गाडी थांबवून पाती मोकळी करावी म्हटले तर पातीही थांबतात. अशा ट्रॅक्टरवर खालच्या गिअरात, सावकाश जाण्याची सवय ठेवावी लागते. नट-बोल्टचेही तसेच. जुन्या यंत्राचे आटे इंची मापाचे, आजच्या दुकानातले बहुतेक मिलिमीटरच्या मापाचे. जोर लावून बसविलेला परका बोल्ट आटे खातो, आणि मग काम लेथवर जाते.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यात दिलासा आहे. पात्यांचे तीन इंची माप शंभराहून अधिक वर्षे प्रचारात आहे. सुगीत पंजाबकडून मोठी हार्वेस्टर यंत्रे आपल्याकडे येतात. त्यांच्या पोटातही हीच कातरपट्टी असते आणि बहुधा तेच माप असते. जुन्या यंत्राची पाती या मापाची असतील, तर सुटे भाग मोठ्या गावातल्या दुकानात मिळण्याची आशा असते. निराळ्या मापाची असतील, तर यंत्र फुकट मिळाले तरी महाग.

यंत्र घरी आल्यावर त्याची निगा म्हणजे मुख्यतः धारेची निगा. गुळगुळीत पात्यांना मूळच्या उतारानेच धार लावावी. उतार बदलला की पाते लवकर बोथट होते. दातेरी पात्यांचे दाते घासू नयेत. ती झिजली की बदलावीत. ढिले रिव्हेट त्याच दिवशी ठोकावे. पट्टीला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी, कारण एक पाते हलविले तर सगळी पाती हलतात आणि बोटे जातात. रस्त्याने नेताना पट्टी उभी करून बांधावी आणि पात्यांवर आवरण घालावे. हंगाम संपला की पात्यांची पट्टी काढून, तेल लावून, भिंतीवर उंच आणि सरळ टांगावी. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरादारांत शिरले होते. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडाचे अशा पाण्याने काय होते, हे त्या गावाला सांगावे लागणार नाही.

एवढे सगळे पाहून यंत्र घेतले, तरी ते सर्व कामे करील असे नाही. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीला लागून असतात. पट्टी थोडी वर राहिली की त्या शेतातच राहतात, आणि उन्हाने तडकलेल्या शेंगा धक्क्याने फुटतात. हळदीचा पाला काढणीपूर्वी जमिनीलगत कापावा लागतो, पण हळद वरंब्यावर असते आणि सरळ पट्टीला वरंबा-सरी मानवत नाही. वाऱ्याने लोळलेली ज्वारी पट्टीखाली जाते. तेथे विळाच लागतो.

आणि येथे मी तो मघाचा प्रश्न विचारतो. विळा कोणाच्या हातात आहे? सुगीत मराठवाड्यातल्या कोणत्याही शिवारात पाहा. ओळीने वाकलेल्या बाया दिसतील. गुत्ते घेऊन, एकराच्या हिशेबाने, पहाटेपासून त्या कापतात. ट्रॅक्टरची पट्टी धुऱ्यावरचे गवत आणि सपाट वावरातले पीक घेऊन गेली, तर त्यांच्या हाती अवघड, लोळलेले, काट्याकुट्याचे काम राहील. सोपे काम यंत्राला आणि कठीण काम माणसाला, तेही जुन्याच दराने, अशी वाटणी झाली तर १८३० सालच्या मजुरांची तक्रार आपल्याच दाराशी येईल.

यंत्र नको, असा याचा अर्थ नाही. वाकून वाकून कंबर मोडलेल्या बाईला विळ्याचे गौरवगीत ऐकविण्याचा अधिकार आपल्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्यांना नाही. माझे म्हणणे निराळे आहे. जिने वीस सुग्या विळा चालविला, तिला धार कळते. विळा केव्हा ओढतो आणि केव्हा कापतो, दगडावर किती घासावा, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. मग पाती काढणे, घासणे, रिव्हेट मारणे, बोटे ओळीत आणणे ही कामे तिला का शिकवू नयेत? आज गावोगाव अवजारे बँका निघत आहेत, महिलांचे बचत गट आहेत. जुने कातरयंत्र एका शेतकऱ्याने एकट्याने घेण्याऐवजी अशा गटाने घ्यावे, राखावे आणि एकराच्या दराने भाड्याने द्यावे. कापणीची मजुरी जाईल ती यंत्राच्या भाड्यातून आणि धारेच्या कामातून त्याच घरी परत यावी. बलुत्यातली जात जावी; पण हत्यार राखणाऱ्याला पिकात वाटा, हे त्यातले तत्त्व राहावे.

तेव्हा आपल्या शेतकऱ्याने ते यंत्र घ्यावे काय? पट्टी सरळ असेल, पात्यांचे माप चालू असेल, सुतार दांडा करून देणार असेल, तर घ्यावे असे मी म्हणेन. मात्र पैसे मोजण्यापूर्वी त्याने एक काम करावे. त्याच्या शेतात आजवर कापणीला आलेल्या बायांपैकी दोघी-तिघींना यंत्र पाहावयास बरोबर न्यावे. पाती हातात घेऊन त्या सांगतील की धरण्याजोगी धार अजून त्यांत आहे की नाही.